गारगोटीच्या गाडीतले डबे

सकाळी साडेनऊच्या सुमारास गारगोटीची गाडी कोल्हापूरच्या स्टँडात वळायची आणि फलाटाला लागायच्या आतच कंडक्टर दारातून ओरडायचा, "चाचा, आज सात हायत!"

सात म्हणजे सात डबे. भुदरगड तालुक्यातल्या गावांतून कोल्हापुरात शिकायला आलेल्या पोरापोरींना त्यांच्या आया घरचं जेवण गाडीनं पाठवायच्या. पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या, डबा भरायचा, जुन्या पातळाच्या पिशवीत घालून तोंड दोरीनं बांधायचं आणि गावच्या थांब्यावर ड्रायव्हरच्या हातात द्यायचा. पावती नाही, कागद नाही. ड्रायव्हर तो बॉनेटवर ठेवायचा म्हणजे ऊनही राहायचा.

कोल्हापुरात ते उतरवून घ्यायचे चाचा. माझ्या चौकशीच्या खिडकीला लागून भिंतीशी त्यांचं छत्र्या आणि बॅगा दुरुस्त करायचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लाकडी पेटी, हातानं फिरवायचं शिलाई मशीन, छत्रीच्या काड्यांची जुडी आणि शेजारी एक बाकडं. डबे त्या बाकड्यावर ओळीनं लागायचे. वरून धुतलेला पंचा. कॉलेजं सुटतील तशी पोरं यायची, आपापला डबा उचलायची. चाचांना सगळे डबे पाठ. निळ्या दोरीचा नर्सिंगवालीचा. झाकणाला पोचा पडलेला तो पॉलिटेक्निकचा. पिशवीच्या वासावरून ते ओळखायचे, आज कुणाकडं सुकट भाजलीय ते.

संध्याकाळच्या गाडीनं डबे परत जायचे. रिकामे नाहीत. रिकामा डबा पाठवायचा नाही, ही आयांची शिकवण पोरापोरींच्या अंगात होती. कुणी दोन केळी घालायची, कुणी पेरू, कुणी नुसती चिठ्ठी. एकदा एकीनं मोगऱ्याची चार फुलं घातली होती. चाचांनी झाकण उघडून मला दाखवली आणि म्हणाले, "बाई, आईला गजरा धाडती बघा पोरगी." तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. आता वाटतं.

मी स्टँडवर एकवीस वर्षं नोकरी केली. चौकशीला उत्तरं द्यायची आणि माईकवरून गाड्या पुकारायच्या. पहिल्या दिवशी माईकसमोर बसले तर तोंडातून आवाजच फुटेना. वारणानगरची गाडी माझ्या डोळ्यांदेखत न पुकारताच निघून गेली. चाचा खिडकीपाशी आले. "घाबरू नगा," म्हणाले, "घरात कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्याला जेवायला हाक मारतो का न्हाई, तशी मारा." मी मनात सासऱ्यांना आणलं आणि पेठ वडगावची गाडी पुकारली. त्या दिवसापासून माझा आवाज स्टँडभर झाला. बाजारात भाजी घेताना लोक मला तोंडावरून नाही, आवाजावरून ओळखायचे. "पाचच्या गारगोटीला जागा मिळंल काय वो?" असं कोथिंबीरवाली विचारायची.

मग मोठ्या शहरांत स्फोट झाले. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. अशाच एका संध्याकाळी माझे धाकटे दीर मुंबईत होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. सासूबाई देवापुढून उठल्या नाहीत. मी टीव्हीसमोर बसून, दाखवत असलेल्या प्रत्येक चेहऱ्यात दिरांचा चेहरा शोधत होते. चार तासांनी त्यांचा फोन आला. चालत घरी पोचले होते. बाकीच्या कितीतरी घरांत तो फोन आला नाही. म्हणून सांगते, ती भीती खोटी नव्हती. ती कुणी माझ्या डोक्यात भरवली नव्हती. ती माझी स्वतःची होती.

त्यानंतर टीव्हीवर रोज मोठी माणसं बोलू लागली. ती मेलेल्यांबद्दल थोडं बोलायची आणि देशाबद्दल फार. युद्ध चालू आहे, शत्रू आपल्यातच लपला आहे, प्रत्येक नागरिकानं सैनिक व्हायचं आहे. आणि पंधरा दिवसांत आमच्याकडं परिपत्रक आलं. तासातून एकदा माईकवरून वाचायचा मजकूर. दहशतवाद हा देशाच्या सुरक्षेला असलेला सर्वांत मोठा धोका आहे, सतर्क राहणं हे राष्ट्रीय कर्तव्य आहे, आणि बेवारस वा संशयास्पद वस्तू अथवा व्यक्ती आढळल्यास ताबडतोब पोलिसांना कळवावं.

खरं सांगते, मला अभिमान वाटला. इतकी वर्षं मी गाड्या पुकारत होते, आता देशाचं काही सांगत होते. तो कागद घरी नेऊन मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "सरकार तुझ्या तोंडानं बोलतंय गं." मी आरशासमोर उभी राहून 'दहशतवाद' या शब्दावर कुठं जोर द्यायचा त्याचा सराव केला.

पाठोपाठ भित्तिपत्रकं आली. सावधान, असं लाल अक्षरांत, आणि खाली चित्रं. रेडिओ, बॅग, खेळणं, आणि तीन कप्प्यांचा स्टीलचा जेवणाचा डबा. ते नेमकं चाचांच्या दुकानावरच्या भिंतीला चिकटवलं गेलं, कारण तिथं सगळ्यांची नजर जायची. चाचांनी मान वर करून बघितलं आणि हसले. "बाई, बघा की. आपला डबा फोटूत आला."

मीही हसले.

हळूहळू स्टँड बदलत गेलं. एका दिवसात नाही. पूर्वी कुणीही कुणालाही म्हणायचं, "पावणं, जरा पिशवीकडं बघा, पाणी पिऊन आलो." आणि पाव्हणा बघायचा, स्वतःची गाडी लागली तर तिसऱ्याला सांगून जायचा. आता बोचकं ठेवून नळावर गेलेली बाई परत यायची तर भोवती माणसांचं रिंगण. मी खिडकीतून दिवसभर बघत होते म्हणून मला दिसायचं, काही माणसांशेजारची जागा गर्दीतही रिकामी राहायची. दाढीवाल्या माणसाशेजारची, बुरखा घेतलेल्या बाईशेजारची. ती माणसं इथलीच. कुणाचा बेकरीचा धंदा, कुणी गवंडी, कुणी माझ्या मुलाची शाळेची पँट शिवलेला शिंपी. कुणी त्यांना काही बोलत नव्हतं. फक्त बसत नव्हतं. मी मात्र तासाला तो कागद वाचत होते.

तो शुक्रवार होता. चाचा दर शुक्रवारी पाऊण वाजता नमाजाला जायचे आणि दोनच्या आत परत यायचे. सात-आठ मिनिटांवर मशीद. त्या दिवशी परीक्षा होत्या म्हणून पोरं उशिरा येणार होती आणि बाकड्यावर सहा डबे तसेच होते. चाचांनी पंचा नीट झाकला, मशीनवर कापड टाकलं, मला खिडकीतून "आलोच" म्हणाले आणि गाडी चुकलेल्या माणसासारखे भराभर चालत गेले. ते नेहमीच तसे चालायचे.

पाऊण तासानं एक गृहस्थ माझ्या खिडकीशी आले. साठीचे, इस्त्रीचे कपडे, हातात कापडी फाईल. सातारच्या गाडीची वाट बघत होते. खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, मी पोलिसांना फोन केलाय. त्या बाकड्यावर एक दाढीवाला माणूस काहीतरी झाकून ठेवून घाईनं निघून गेला, तो अजून आलेला नाही. तुमची अनाउन्समेंट ऐकली, म्हणूनच लक्ष गेलं माझं."

"अहो, ते डबे आहेत," मी म्हणाले. "जेवणाचे."

"असतीलही," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. माणूस दुष्ट नव्हता, भ्यायला होता. मी सांगितलं तेच त्यांनी केलं होतं.

मी धावत आमच्या साहेबांकडे गेले. साहेबही रोज ते डबे बघणारे. त्यांनी कपाळाला हात लावला. "मला काय ठाऊक न्हाई काय बाई? पर फोन गेलाय. आता बॉम्बपथक आल्याबिगर कुणालाच हात लावता येत न्हाई. उद्या खरंच काय असलं तर? जावा, फलाट रिकामे करायला सांगा."

मी माईकपुढं बसले. काचेतून तो पंचा दिसत होता. त्याखाली काय आहे ते मला माहीत होतं. एका डब्यात नर्सिंगवालीसाठी झुणका होता; सकाळी कंडक्टरच तसं म्हणाला होता. आणि मी वाचलं. प्रवाशांनी तत्काळ फलाट रिकामे करावेत, बेवारस वस्तू आढळली आहे. दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा माझा आवाज कापला.

लोक पळाले. एक म्हातारी पडली, तिला दोघांनी उचललं. पोलिसांनी दोर बांधला. मलाही बाहेर काढलं. आम्ही सगळे रस्त्यापलीकडं उभे होतो तेवढ्यात मला चाचा दिसले. गर्दी कापत, धापा टाकत, डोक्यावरची टोपी हातात धरून धावत येत होते. दोराखालून वाकून सरळ आत शिरले.

"अवो, डबं हायत ती! पोरांचं डबं!"

दोन पोलिसांनी त्यांना धरलं. एकानं हात मागं पिरगळला. आजूबाजूला कुणीतरी "तोच, तोच" म्हणालं. मी ओरडले, "सोडा त्यांना, आमचे चाचा आहेत ते!" इतकी वर्षं स्टँडभर पोचणारा माझा आवाज त्या दिवशी माईकशिवाय रस्तासुद्धा ओलांडून गेला नाही.

पथक आलं, कुत्रा आला. कुत्रं एका पिशवीशी बराच वेळ घुटमळलं. उघडलं तर त्यात सुकट. मग एकेक डबा उघडला. भाकरी, झुणका, वांगं, दही, शेंगदाण्याची चटणी. लोक हसायला लागले. मोबाइलवर फोटो निघाले. सातारची गाडी निघून गेली, गृहस्थही गेले.

पण चाचांना सोडलं नाही. डबे आणि चाचा, दोन्ही जीपमध्ये बसवून पोलीस ठाण्यात नेले.

मी साहेबांकडून सुट्टी मागून घेतली आणि पाठोपाठ गेले. चाचा भिंतीकडेच्या बाकावर बसले होते. शर्टाची बाही खांद्याला उसवली होती. मला बघून उठायला लागले. ठाण्यातला अधिकारी तरुण होता. उद्धट नव्हता. त्यानं मला खुर्ची दिली आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही सरकारी रीत जाणता. डबे सहा, आणि एकाचाही मालक हजर नाही. हे गृहस्थ म्हणतात रोजचंच आहे. कशावर लिहिलंय? पावती कुठं आहे? उद्या कुणी यांच्या हातात काहीही देईल आणि हे ठेवून घेतील. वरून विचारणा होते आम्हाला. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे."

त्याचं वाक्य मला पाठ होतं. रोज मीच वाचत होते ना.

"मालक आले तर?" मी विचारलं.

"तर जबाब घेऊन सोडतो."

मी तिथूनच गारगोटी स्टँडच्या कंट्रोलरना फोन लावला. डबे कुणाचे, हे त्यांना माझ्याहून जास्त ठाऊक. ते म्हणाले, "दोन घरं इथंच जवळ हायत, माणूस धाडतो." आणि साडेपाचच्या सुमाराला नर्सिंगवालीची आई पोलीस ठाण्यात आली. शेतातून तशीच उठून गाडीत बसलेली. पायांना चिखल वाळलेला, पदर खोचलेला. दारातूनच तिचा आवाज आला.

"कुठं हाय डबा माझा?"

अधिकाऱ्यानं टेबलावरच्या डब्यांकडं बोट केलं.

"ह्यो निळ्या दोरीचा. माझ्या लेकीचा. मी बांधलाय. लिवून घ्या."

"मावशी, असा परक्याच्या हाती डबा देता, तुम्हाला भीती नाही वाटत?"

"परका कोण?" तिनं चाचांकडं बघितलं. ती त्यांना त्या दिवशी पहिल्यांदाच बघत होती. दोन वर्षं डबा पाठवत होती, पण कोल्हापुरात येऊन चाचांना भेटली नव्हती. "ह्येच व्हय चाचा? लेक सांगती की घरी आली म्हंजे. दोन वर्सांत माझा डबा कवा सांडला न्हाई, कवा चुकला न्हाई. भ्या तुमचं वाटाय लागलंय आता मला. लेक परीक्षा देऊन उपाशी आली आसंल तिकडं, आन् डबा हितं टेबलावर."

जबाब लिहून झाला. तिनं अंगठा न देता नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर. बाकीच्या डब्यांसाठी माझा जबाब घेतला. मग तिनं विचारलं, "चाचा, सकाळधरनं काय खाल्लंय का न्हाई?" तिनं सरळ दोरी सोडली, झाकणात भाकरी नि झुणका वाढला आणि चाचांच्या मांडीवर ठेवला. "लेकीला मी पेठेतनं काय तरी घिऊन दीन. तुम्ही खावा."

पोलीस ठाण्याच्या बाकावर चाचा जेवले. अधिकाऱ्यानं शिपायाला चहा आणायला पाठवलं आणि स्वतः उगीच रजिस्टर चाळत राहिला.

दुसऱ्या दिवशी चाचा वेळेवर आले, दुकान मांडलं. बाकडं मात्र त्यांनी उचलून भंगारवाल्याला दिलं. गारगोटीची गाडी आली. कंडक्टर दारातून ओरडला, "चाचा, आज चार!" चाचांनी मान हलवली. "आता न्हाई. पोरांस्नी गाडीवरच यायला सांगा." ते रागात म्हणाले नाहीत. छत्रीच्या काडीत तार ओवत म्हणाले. काही महिने डबे येत राहिले. पण गाडीची वेळ आणि तासांची वेळ जमेना. पोरं खानावळी धरू लागली. एक दिवस गाडी आली आणि कंडक्टर काहीच ओरडला नाही. माझ्या ते दुपारी ध्यानात आलं.

मला चाचांच्या समोर जायला चार दिवस लागले. घरची एक चांगली छत्री मुद्दाम मोडून नेली. ती त्यांच्या हातात देताना म्हणाले, "चाचा, त्या पंच्याखाली डबे आहेत हे मला माहीत होतं. तरी मी वाचलं."

"वाचायला पायजेच की. नोकरी हाय तुमची."

थोडा वेळ ते छत्री उघडमीट करत राहिले. छत्री मुद्दाम मोडलीय हे त्यांना कळलं नसेल, असं नाही. मग म्हणाले, "मी रस्त्यावर होतो तवा तुमचा आवाज आला. कापत हुता. म्हटलं, बाईला काय तरी झालं. म्हणून पळालो."

मला तिथं उभं राहवलं नाही. मी खिडकीत जाऊन बसले आणि पुढच्या दोन गाड्या साहेबांनी पुकारल्या.

त्या दिवसापासून मी परिपत्रकातले दोन शब्द वाचायचे सोडून दिले. 'अथवा व्यक्ती'. वस्तूंबद्दल सांगायचे, कारण स्फोट खरे होते आणि दिरांची ती संध्याकाळ मी विसरले नव्हते. पण माणसाकडं बोट करायला सांगणं माझ्या तोंडून होईना. एक-दोन महिन्यांनी साहेब म्हणाले, "बाई, वाचताना दोन शब्द खाताय."

"घसा बसतोय, साहेब."

त्यांनी परिपत्रकांची फाईल मिटली. "बसू द्या," म्हणाले.

यात शौर्य काही नव्हतं. चार वर्षं मी ते शब्द खाल्ले आणि कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढं यंत्रावरची उद्घोषणा आली. मुंबईत ध्वनिमुद्रित केलेला एका मुलीचा गोड, स्वच्छ आवाज. ती सगळे शब्द वाचायची. मला चौकशीपुरतं ठेवलं. स्टँडचं काम निघालं तेव्हा भिंतीकडची दुकानं हलवली आणि चाचा पेठ वडगावला लेकीकडं राहायला गेले. मीच त्यांना गाडीत बसवलं. शिलाई मशीन त्यांनी मांडीवर घेतलं होतं.

मी तिकडं दोनदा गेले. पहिल्यांदा ते अंगणात बसून गल्लीतल्या बायकांच्या पर्सच्या चेन बसवत होते आणि आम्ही स्टँडवरच्या माणसांच्या आठवणी काढून पोट दुखेपर्यंत हसलो. दुसऱ्यांदा गेले, तेव्हा त्यांना जाऊन महिना झाला होता. मी निवृत्त झाले होते. त्यांची लेक माझ्याच वयाच्या आसपासची. बोलता बोलता मी म्हणाले, "त्या पोलीस ठाण्याच्या दिवसापासून चाचा जरा गप्पच झाले होते."

तिनं चमकून विचारलं, "कसलं पोलीस ठाणं?"

चाचांनी घरात सांगितलंच नव्हतं. बायकोला नाही, लेकीला नाही. शर्टाची उसवलेली बाही त्यांनी स्वतःच, घरी जायच्या आधी शिवली असावी. इतकी वर्षं त्या घरात ती गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती आणि मी ती दारात बसून सांडली होती.

"सांगा," ती म्हणाली. "सगळं सांगा."

मी सगळं सांगितलं. गृहस्थांचं, कुत्र्याचं, भाकरीचं. माईकवरून कुणी वाचलं, तेही सांगितलं. ती रडली नाही. "आम्हाला सांगायचं की ओ," एवढंच म्हणाली, ते मला नव्हतं, वडलांना होतं. मग उठून ती अंगणातल्या त्या मशीनवर कापड टाकून आली. मी उठायला लागले तर म्हणाली, "बसा. तुमची गाडी सहाची हाय." आणि चहा ठेवायला आत गेली.